न हलल्याचा दाखला

व्हॅन थांबली त्या मार्चात, शाळांबरोबर.
टॅक्स मात्र चालत राहिला,
दर तिमाहीला एक मुक्काम,
शेजारी दंडाला बसवून.
मला कुणी सांगितलंच नाही.

नायता मुंडल्याच्या आरटीओत
तीन नंबरच्या खिडकीतला मुलगा
स्क्रीन माझ्याकडे वळवतो.
चार वर्षांच्या तिमाह्या, ओळीनं. खाली बेरीज.
एवढ्यात तशीच दुसरी व्हॅन येईल,
वर स्टेपनी.

पण ती चाललीच नाही हो, मी म्हणते,
मग तेच हिंदीत, जरा मोठ्यानं.
वाईट नाही तो. डबा उघडा, घास हातात.
"आंटी, खडी करने से पहले
अर्जी देनी थी."

थांबायचं तर आधी अर्ज करायचा.
अकरा वर्षं बारा-बारा पोरं भरून चालवली,
राजवाड्यापाशी गर्दीत उलटी काढायला शिकले,
हे एक राहिलं.

"अब प्रूफ लाइए. गाडी चली नहीं, इसका."

चालल्याचा पुरावा ढीगभर आहे माझ्याकडे.
पेट्रोलच्या पावत्या, पंक्चरवाल्याची वही,
मागच्या सीटवर कंपासच्या टोकानं कोरलेलं
"रुद्राक्ष मंकी है",
सीटखाली सापडलेला डाव्या पायाचा बूट, नंबर अकरा,
ज्याचा मालक आता दाढी करत असेल.
पण न चालल्याचा?
न केलेल्या गोष्टीची पावती कोण फाडतं?
म्हटलं, येऊन बघा, वायपरवरून गुळवेल चढलीय,
बॉनेटखाली मांजरीची तीन बाळंतपणं झालीत.
"बिल्ली का साइन नहीं चलेगा," तो म्हणाला.
मला हसू आलं, त्यालाही.
खिडकी बंद. जेवणाची सुट्टी.

लोकमान्य नगरात आमच्या समोर विपट राहतात.
चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.
बोलले ते नगर निगमशी, लेखी.
इस्त्रीवाल्या घनश्यामकडून कळलं असणार त्यांना,
दुसरं कोण सांगणार.
संध्याकाळी दारात उभे, बगलेत खाकी फाइल.
"नऊ अर्ज आहेत," घसा साफ करून म्हणाले,
"सगळ्यांवर आवक शिक्का."

व्हरांड्यातल्या बल्बखाली मी वाचत गेले.
त्यांची हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध.
उक्त पीली वैन पूर्ववत् खड़ी है.
उक्त वैन के नीचे मच्छर पनप रहे हैं.
उक्त वैन आज दिनांक तक तिलभर नहीं हिली.
इतकं नेमानं तिच्याकडे
मीही कधी बघितलं नव्हतं.

सहावा अर्ज लहान होता.
अँब्युलन्सला वळता आलं नाही.
पत्नीला खुर्चीवर बसवून चौकापर्यंत न्यावं लागलं.
खाली तारीख, शिक्का, सही नेहमीपेक्षा तिरकी.
मी दोनदा वाचलं.
वहिनींच्या दहाव्याला मी गेले होते,
वाटीभर साखर घेऊन, त्याच व्हॅनला वळसा घालून.

हा नको लावायला, मी म्हटलं.
ते चपलांकडे बघत होते.
"लावा. त्याच्यावरची तारीख स्पष्ट आहे."

लागला. पहिल्या अर्जाच्या तारखेपासून
गाडी उभी मानण्यात आली.
त्याआधीच्या दोन तिमाह्या मी भरल्या.
मुलानं सहाव्या कागदावर जरा जास्त वेळ घालवला,
मग नवऱ्याचं नाव, माझं नाव, पिनकोड
विचारत बसला, उगाच.

भंगारवाल्यानं साखळी लावली तेव्हा
चारही चाकं ओरडली.
मांजर भिंतीवर चढून बघत बसलं.
गुळवेल मी आधीच सोडवून कुंपणावर टाकली होती.
खाली लांबोळका कोरडा चौकोन, एक पेन्सिल,
आणि कुणाच्या तरी बाटलीचं निळं झाकण.

विपट बाहेर आले.
फाटकापासून चौकापर्यंत नजर नेली,
परत आणली, पुन्हा नेली.
"आता दारापर्यंत येते," म्हणाले.
कोण, ते मी विचारलं नाही.